पिवळं पडलेलं कुंकू

लढाई चालू होती त्या दिवसांत सांगलीच्या आमच्या हायस्कुलात लिटमसचे कागद मिळेनासे झाले. विज्ञानाच्या मास्तरांचं त्यावाचून अडलं नाही. हळदीची पेठ गावातच होती. त्यांनी टिपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवले, पट्ट्या कापल्या आणि वर्गात वाटल्या. चुन्याच्या निवळीत बुडवली की पट्टी लाल व्हायची, आम्लात बुडवली की परत पिवळी.

वर्गात मुली आम्ही दोघीच. माझ्या शेजारी बसायची तिचं लग्न झालेलं होतं. नवरा पलटणीबरोबर कुठल्याशा आघाडीवर होता. हिला मॅट्रिक होऊ दे, असं त्यानंच घरी कळवलं होतं. घर गावाच्या कडेला, मागं ऊस, घरात सासू-सून दोघीच. मुलाची पत्रं सून वाचून दाखवायची, त्यामुळे सासूनं शाळेला हरकत घेतली नव्हती.

त्या दिवशी प्रयोगशाळेत फार उकडत होतं. तिच्या बोटांना सौम्य आम्ल लागलं होतं. त्याच हातानं तिनं कपाळाचा घाम पुसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "अरे, हिचं कुंकू बघा!"

मी पाहिलं. कुंकू पिवळं पडलं होतं. तिनं काचेच्या कपाटात स्वतःला पाहिलं आणि ती रडायला लागली. नवऱ्याचं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

मास्तर म्हणाले, "घाबरू नका. कुंकू म्हणजे हळद आणि चुनाच. आम्लानं चुना मारला, एवढंच झालंय." मग कापसाचा बोळा निवळीत भिजवून त्यांनी माझ्या हातात दिला. तिच्या कपाळाला हात लावणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. मी बोळा टेकवला. कुंकू पुन्हा तांबडं झालं. पण ती रडायची थांबली नाही. मुलांनी तर संध्याकाळच्या आत ही हकिगत तिच्या गल्लीपर्यंत पोचवली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. आठवडा गेला तसे मास्तर तिच्या घरी निघाले. सोबत मला घेतलं. सासू सोप्यात शेंगा फोडत होती. मास्तरांनी हळद, चुना, आम्ल सगळं नीट समजावून सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती.

"आवं मास्तर, हळद-चुना मला कळतोय की. कुंकू मी घरीच करते. पर गल्लीला कोण सांगणार? बाया दारात येऊन इचारत्यात, तार आली का म्हणून. माझं काळीज ऱ्हाईल का जाग्यावर?"

आतल्या दारात सून उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. आम्ही चहा घेऊन परत आलो.

पुढच्या सोमवारी ती वर्गात आली. कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, हिरवट गोंदण. भोवती सूज होती.

"दुखलं?" मी विचारलं.

"लय. सासूबाईंनीच बाजारात नेलं. म्हणाल्या, आता कसलंबी पाणी उडू दे, कपाळ मोकळं दिसायचं न्हाई."

त्यानंतर प्रयोगाच्या तासाला ती कुंकू पुसून यायची आणि तास संपला की पुन्हा लावायची. मुलं काही दिवस बघत राहिली, मग त्यांनाही सवय झाली. पत्र त्याच महिन्यात आलं. नवऱ्याला हिवताप झाला होता, तो इस्पितळात पडून होता.

मॅट्रिकला आम्ही दोघी पास झालो. मला विज्ञानात तिच्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. निकालानंतर तिची सासू चालत शाळेत आली आणि मास्तरांना म्हणाली, "आता म्होरं काय शिकत्यात?" मास्तरांनी बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजची माहिती दिली. जूनमध्ये सून तिकडं दाखल झाली.

मी त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन साताऱ्याला आले. माझ्या शिक्षणाचा विषय दोन्ही घरांत कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. लढाई संपल्यावर तिचं एक कार्ड आलं. नवरा सुखरूप परतला होता, आणि तिला गावच्याच शाळेत नोकरी लागली होती.