हिरव्या पट्ट्यावरचे बिबडे

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता नवा झाला, तेव्हा कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला गेला. त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्रही काढलं. खरी सायकल मात्र तिकडे फिरकेना. असा स्वच्छ, सपाट, दिवसभर उन्हात तापणारा पट्टा रिकामा पाहून खानदेशातल्या बाईला दुसरं काय सुचणार? चैत्रात ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचा, घाटा शिजवला, ओल्या कापडावर बिबडे थापले आणि खाट तिथेच नेऊन टाकली. आठवड्याभरात सगळ्या गल्लीच्या खाटा ओळीने लागल्या. पट्ट्याचा निदान काहीतरी उपयोग झाला, असं मीच सगळ्यांना ऐकवत होते.

पुढच्या वर्षी यजमानांची नजर अधू झाली. वीस वर्षं ते मला मोटारसायकलवर शाळेत सोडत होते. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मला स्कूटर कधी जमली नाही. रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही, त्यामुळे माझा पहिला तास रोज दुसरंच कुणीतरी घ्यायचं. मुख्याध्यापक बोलत काही नसत, नुसते घड्याळाकडे बघत. ते मला बोलण्याहून जास्त लागे. घर आता माझ्याच नोकरीवर होतं आणि ती सोडावी लागते की काय, या धास्तीने झोप उडाली होती.

मग बॅटरीची सायकल घेतली. लहानपणी सायकल येत होती, तेवढ्यावर निभावलं. शाळेच्या वाटेवरच्या पुलाचा चढ पायांना कळलासुद्धा नाही. पन्नाशी उलटलेली बाई घामाघूम न होता वेळेवर वर्गात पोचली. त्या दिवशी हजेरी मी जरा मोठ्यानेच घेतली.

शाळा सकाळची. जाताना पट्टा मोकळा असे, पण साडेबाराला परतताना खाटाच खाटा. मग मला मधल्या रस्त्यावर उतरावं लागे. एका दुपारी केळीचा ट्रक इतक्या जवळून गेला, की मी हँडल वळवलं आणि सायकलसकट शेजारच्या अक्कांच्या खाटेवर कोसळले. कोपर सोलवटलं, आणि अर्धवट वाळलेल्या बिबड्यांचा चुरा झाला. मी उठले ती ओरडतच. हा पट्टा सायकलींचा आहे, उचला सगळ्यांनी खाटा!

अक्का साठीच्या, माहेर जवळच्याच असोद्याचं. कावळे हाकलायची काठी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, “एका सायकलीसाठी साऱ्या गल्लीनं खाटा उचलाच्या का मांय? आन पह्यली खाट कोनी टाकली व्हती?”

बायका खो खो हसल्या. एकीसाठी कोण हलणार, हे खरंच होतं. पण खाटा आहेत तोवर दुसरी सायकल तरी कुठून येणार? घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, नोकरी सोडते. त्यांनी कोपराला औषध लावलं, तेही जखमेच्या बाजूला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी परतताना बाकी खाटा होत्या, अक्कांची नव्हती. त्या जागेवर त्या स्वतः उभ्या होत्या. भांडण होणार, असं वाटून मी आधीच म्हटलं, “अक्का, तुमचे बिबडे मी करून देते.”

“बिबड्याचं मरू दे. हे चालवाले जोर लागते का? गुडघे दुखतीन का माह्ये?”

“फारसा जोर नाही लागत.”

“मग मले शिकोशीन का?”

मला हसूच आलं. म्हटलं, “अक्का, या वयात कुठे निघालात सायकलवर?”

त्या हसल्या नाहीत. “माय असोद्याले खाटेवर पडेल आहे. लेकाले सुट्टी राहीन तव्हाच तो मले नेते, आन बाहेर हॉर्न वाजोत राह्यते. मी उंबऱ्यात पाय ठेवला का माय पह्यले इचारते, कव्हा जाशीन?”

मी सायकल स्टँडवर लावली आणि त्यांच्या उंचीला पुरेल अशी सीट खाली करायला घेतली.