विश्वंभर सरांनी खरवडलेली ओळ

आदरणीय विश्वंभर सरांची आणि माझी पहिली भेट नांदूरघाटला, त्यांच्या पत्र्याच्या वर्गात झाली, आणि पहिल्याच भेटीत मी बोलणी खाल्ली. चार जाडजूड गाईडं छातीशी धरून मी दारात उभी होते. सरांनी त्यातलं एक निवडून माझ्या हातात ठेवलं, उरलेली तीन कपाटात टाकली. "चार ठिकाणी हात-हातभर खणून विहिरीला पाणी लागतं का गं?" एवढं विचारून ते फळ्याकडं वळले. ती तीन गाईडं मला परत मिळाली नाहीत.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवसमितीनं मला लेख मागितला, तेव्हाच मी कळवलं होतं, की मला गोड लिहिता येत नाही. निवृत्तीनंतरही सर ऊसतोड कामगारांच्या पोरांना जेईईसाठी फुकट शिकवत आले, हे सगळ्या केज तालुक्याला ठाऊक आहे. बाकीचे लोक त्यावर लिहितीलच. मी लिहिणार आहे ती सरांची चूक. त्या चुकीपायी माझ्या थोरल्या भावाचं, ज्ञानोबादादाचं इंजिनिअरिंग हुकलं, आणि सरांनी ती चूक ज्या तऱ्हेनं पदरात घेतली त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. लिहू का, म्हणून सरांनाच विचारलं. "तेच लिही, बाकीचं कशाला," असं ते म्हणाले.

वर्गात शिरलं की समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत, ऑइल पेंटनं लिहिलेलं असायचं: एकही गणित सोडायचे नाही. आम्हा ऊसतोडीच्या घरच्यांना ही ओळ सांगावी लागत नाही. फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, प्रत्येक जोडप्यानं आपली पात धरलेली असते, म्हणजे वाट्याला आलेली उसाची ओळ. मागं एक जरी ऊस उभा राहिला तरी मुकादम चारचौघांत नाव घेऊन माघारी धाडतो. माझी आई तापानं फणफणत असतानाही एका उसासाठी माघारी गेलेली मी बघितलेली आहे. त्यामुळं सरांची ओळ आमच्या अंगात आधीच मुरलेली होती. दादा माझ्या चार वर्षं आधी त्याच वर्गात बसला, हुशार म्हणून नावाजला गेला आणि परीक्षेत थोडक्यात मागं पडला. त्यानं कोयता धरला, त्याचं लग्न झालं. नशीब, असं म्हणून घरानं विषय मिटवला.

बारावीच्या वर्षी जेईईत मीही तशीच आपटले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सरांसमोरच सांगून टाकलं, "अजून एक वरीस देतो. या टायमाला न्हाई झालं तर वैशाखात लगीन आन् दिवाळीनंतर फड. मला दुसरं काई जमायचं न्हाई." अण्णा वाईट माणूस नव्हेत. त्यांच्याकडं द्यायला तेवढंच एक वर्ष होतं.

सरांनी मला नवीन काही शिकवलं नाही. मी नापास झालेलाच पेपर पुन्हा पुढं ठेवला आणि हातात घड्याळ घेऊन माझ्या पाठीमागं उभे राहिले. कोणत्या प्रश्नाला किती मिनिटं लागली, ते कागदावर टिपत गेले. तीन तास संपले. सातव्या प्रश्नावर मी अडतीस मिनिटं घालवली होती. नव्वदातले शेवटचे सव्वीस प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते.

"सातवा येत नव्हता तर पुढं कावून गेली न्हाईस?" सरांनी विचारलं. चिडले की सर आमच्या बोलीत येत.

"मागं उभा ऊस ठेवून पुढं कसं जायचं सर?" मी म्हणाले. मला तर सरांचा प्रश्नच कळला नव्हता.

सर भिंतीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर सर स्टुलावर उभे राहून पत्र्याच्या तुकड्यानं ती ओळ खरवडत होते. पांढऱ्या शर्टावर रंगाचा भुगा पडलेला. मी हबकलेच. त्या ओळीवर सरांचं नाव उभं होतं, आणि ते तीच उचकटून काढत होते.

मग त्यांनी जुन्या सराव परीक्षांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे उतरवले. चार दिवस वर्ग बंद ठेवून पेपर पालथे घातले. बहुतेकांचं दुखणं माझंच होतं: पहिला अर्धा पेपर गच्च भरलेला, शेवट कोरा. दादाच्या पेपरांवर शेवटची पानं स्वच्छ होती. पेपरच लांबलचक होता, असं तो घरी सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो.

पाचव्या दिवशी सर म्हणाले, "चल, ज्ञानोबाकडं जायचंय." दादा तेव्हा सांगलीकडच्या फडावर होता, अण्णा आणि आईही तिथंच. एस.टी. बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. सरांचं वय तेव्हा सदुसष्ट. मला वाटलं, माझ्या वर्षाबद्दल अण्णांशी काही बोलायचं असेल.

सर सरळ उसाच्या वाळल्या पाचटातून चालत दादासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "ज्ञानोबा, तू कमी पडला नव्हतास. मी चुकीचं शिकवलं. मला माफ कर."

आसपासचे कोयते थांबले.  गुरुजीनं शिष्यापुढं हात जोडलेले आमच्यात कुणी बघितलेलं नव्हतं. अण्णा धावत आले, "सर, तुमी असं करू नका, आमाला पाप लागंल." सरांनी हात खाली घेतले नाहीत. दादानंच ते धरून खाली केले.

मग सरांनी पिशवीतून त्याचा जुना पेपर काढला. दादा बांधावर बसला. शेवटच्या पानावरचे प्रश्न त्यानं वाचले आणि माझ्याकडं पेन मागितलं. चार वर्षं त्यानं पेन धरलेलं नव्हतं. त्या कोऱ्या प्रश्नांतले तीन त्यानं तिथल्या तिथं, दहाएक मिनिटांत सोडवले. तिन्ही बरोबर निघाले.

"हे तर येत हुतं मला," दादा म्हणाला. जोरात नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा. सर तोंड फिरवून रडले. त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला, आणि तेवढीच त्यांच्या पायावर डोकं ठेवायची इच्छा झाली. काय करावं ते न सुचून मी उसाच्या मोळ्या बांधत बसले.

निघताना दादानं मला एवढंच सांगितलं, "राधे, दोन मिन्टात न्हाई सुटलं की फुडं जायचं. मागं बघायचं न्हाई."

पुढचे महिने सरांनी मला एकच गोष्ट शिकवली: जे येत नाही ते बाजूला ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण मी पुढं जाऊन पुन्हा मागच्याच प्रश्नावर यायचे. सर घड्याळ घेऊन पाठीमागं उभे राहत आणि दोन मिनिटं झाली की बाकावर बोट वाजवत. उत्तर माहीत नसताना ठोकून दिलं की गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे खूण केली की त्यांची बोलणी बसत. परीक्षेच्या आधीच्या रविवारी त्यांनी आम्हाला पुस्तकाविना कपिलधारला नेलं. एप्रिलात धबधब्याला पाणी कुठलं? कोरडा कडा बघत भाकरी खाल्ली आणि परत आलो. पालक चिडले. सरांनी ऐकून घेतलं.

खऱ्या परीक्षेत तिसराच प्रश्न अडला. मी तो सोडून पुढं गेले तेव्हा काहीतरी चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्या दिवशी मी नव्वदावा प्रश्न वाचला. निकाल लागला तसं वैशाखातलं लग्न टळलं, आणि पावसाळ्यात मला सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला.

सरांनी माफी मागितली म्हणून दादाचं वर्ष परत आलं नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. त्यानंतरही तो तीन हंगाम फडावर गेला. आता गावात मोटारी दुरुस्त करतो. सर मात्र त्या एका फडावर थांबले नाहीत. गठ्ठ्यांतल्या नावांवरून पत्ते काढून ते जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जात राहिले. तेलगावच्या एकानं त्यांना दारातून हाकलून दिलं. सर पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. इतकी वर्षं मान मिळवलेला माणूस असं का करतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

हा लेख लिहायच्या आधी दादाला फोन केला. सरांसाठी शुभेच्छा काय लिहू, असं विचारलं. त्यानं शेजारी पाढे म्हणणाऱ्या लेकीला जरा हळू म्हणायला सांगितलं. मग म्हणाला, "आपली तनू दुसरीला हाय. बारावीला जायला तिला धा वर्सं लागत्यात. सरांना सांग, तवर ठणठणीत राहायचं. मी तिला दुसऱ्या कुणाकडं धाडणार न्हाई."