चौदाव्या जॅकेटची लाल चिंदी

दुर्गाबाई दिघे यांच्या शिवणाच्या खोलीला पाटी नव्हती आणि खोलीत वहीही नव्हती. नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत तळमजल्याची ती पुढची खोली. एक साधं मशीन ब्लाऊज-फॉलसाठी आणि दुसरं काळं, जड, दप्तरं नि होल्डॉल शिवायला. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन धुळ्याहून आल्या आणि उज्जैनच्याच झाल्या. गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलत, नवऱ्याशी मराठीत, आणि मशीन अडलं की त्याच्याशी दोन्हीत.

कुणाचं कोणतं काम, कधी द्यायचं, सगळं डोक्यात. खूण एकच. जे काम अपुरं, त्याला लाल चिंदी बांधायची. चिंद्यांना तोटा नव्हता. भैरवगढच्या छापाच्या चादरींना त्या गोट लावून देत, त्यांच्या लाल कडा उरत. चिंदीच्या कपड्याला घरात कोणी हात लावत नसे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या गोपाळरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एकदा घाईत तसला सदरा घातला होता आणि लग्नाच्या मांडवात बाही हातात आली होती. ‘दिघ्यांची बाही’ हा विषय नातेवाइकांना पुढे दोन वर्षं पुरला.

दिवाळीनंतर मंदार आला. क्षिप्रेच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्यात एका क्लबतर्फे तो लोकांना कयाक शिकवायचा. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी, दोन्ही बाजूंना वल्हं मारत चालवायची. त्याने चौदा लाइफ जॅकेटं आणून जमिनीवर ओतली.

“मावशी, पट्टे उसवलेत. तुमच्या काळ्या मशीनशिवाय कोणाच्या बस की बात नाही.”

“हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस मला. पाण्यात वापरायचं ना? मग घाई करायची नाही.”

तेरा जॅकेटं दुहेरी टाक्याने पक्की झाली. चौदाव्याच्या डाव्या खांद्याचा पट्टा उन्हाने इतका विरला होता, की सुई टोचली की पापडासारखा फुटे. नवा पट्टा हवा होता आणि तसा रुंद पट्टा टॉवर चौकातल्या दुकानांत मिळाला नाही. तोवर जुना हरवू नये म्हणून दुर्गाबाईंनी तो चार कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी अडकवला, त्याच खांद्याला लाल चिंदी बांधली आणि जॅकेट गठ्ठ्याशेजारी ठेवलं.

क्लबची गाडी आली ती संक्रांतीच्या आठवड्यात. दुर्गाबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला चौदा न्यायचीत, गोपाळरावांनी मोजून चौदा दिली.

“ते वेगळं ठेवलेलंही दिलंत?” दुर्गाबाईंनी आल्या आल्या विचारलं.

“दिलं. चिंदी होतीच की त्याला, कळेल त्यांना.”

हे दुर्गाबाईंनाही पटलं. चिंदी होतीच. तरी मंदारला एक फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात कोणीतरी फॉल लावायला साडी घेऊन आलं आणि फोन राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी रुचिर नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण कयाक घेऊन एकटाच पाण्यात गेला. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. लहानपणापासून पोहणारा. वारा नव्हता, पाणी ताटासारखं स्थिर होतं. अर्ध्या तासाने काठावरच्यांना त्याची होडी दिसली ती सरळ तरंगणारी आणि रिकामी, वल्हं आत नीट ठेवलेलं. तो दोन तासांनी सापडला. कोणी ओरडलेलं ऐकलं नव्हतं, कोणी पडताना पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला. काठावर उभा, हसरा, अंगात नारिंगी जॅकेट. डाव्या खांद्यावर लाल चिंदी.

दुर्गाबाईंनी पेपर घडी करून मशीनच्या खणात ठेवला. दुपारी परत काढून पाहिला. चिंदीचा छापसुद्धा ओळखू येत होता.

पुढच्या आठवड्यात त्याच पेपरात चौकटीत सूचना आली. घटनेची दंडाधिकारी चौकशी होत आहे, कोणाला काही सांगायचं असेल त्याने एसडीएम, म्हणजे प्रांतांच्या, कार्यालयात हजर व्हावं.

“कोणी विचारलंय का तुला?” गोपाळराव म्हणाले. “फालतूमध्ये कशाला? त्या चिंदीवर तुझं नाव लिहिलंय का?”

“नाही लिहिलं,” दुर्गाबाई म्हणाल्या. “तेच तर सांगायचंय.”

“आणि दिलं कोणी? मी दिलं. मलाही ओढशील त्यात.”

“तुम्ही मोजून दिलंत. तुम्हाला काय करायचंय? कच्चे टाके माझे आहेत.”

गोपाळराव आत निघून गेले. पण सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तेच आधी दारात उभे राहिले. “बाही तपासली आहे,” एवढं म्हणाले.

एसडीएम मॅडम तरुण होत्या, आवाज न चढवता बोलत. समोर मंदार होता, दाढी वाढलेली. एका खुर्चीत रुचिरची बहीण निहारिका, मांडीवर फाइल घेऊन. टेबलावर पारदर्शक पिशवीत ते जॅकेट. डावा पट्टा सुटलेला, चिंदी तशीच. रंग जरासुद्धा उतरला नव्हता.

दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं. कच्चे टाके, चिंदी, न केलेला फोन. सांगताना मराठी घुसे, मग जबाब लिहून घेणारा मॅडमचा बाबू वर बघे आणि त्या तेच हिंदीत पुन्हा सांगत.

“यानी लाल कपड़े का मतलब था कि यह इस्तेमाल के लायक नहीं है?” मॅडमनी विचारलं.

“हाँ. हमारे घर में सबको मालूम है.”

मॅडम मंदारकडे वळल्या. तो खाली बघतच बोलला. “हमने तो हरसिद्धि माता की चुनरी समझी, मैडम. यहाँ लोग नई गाड़ी पर, मशीन पर बाँधते ही हैं. सबको लगा, मावशी ने पूजा करके दिया है. फिर सब वही माँगने लगे.”

निहारिका म्हणाली, “भैया सबसे पहले पहुँचता था, वही लेने के लिए. माँ ने कहा था, वही पहनना.”

पाणबुड्याचा जबाब आधीच झाला होता. त्याने रुचिरला वर काढलं ते त्याच पट्ट्याला धरून. पट्टा आधी तुटला होता की ओढताना तुटला, त्याला सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना डोक्याला मार सापडला नव्हता, हृदयात दोष सापडला नव्हता. पोहणारा माणूस स्थिर पाण्यात का बुडाला, याचं उत्तर कोणापाशीच नव्हतं.

“मॅडम, मग माझी चूक आहे की नाही?” दुर्गाबाईंनी विचारलं. हे मराठीतच निघालं.

मॅडमना कळलं. “माताजी, मुझे मौत की वजह ढूँढनी है. वही नहीं मिल रही.”

बाहेर वऱ्हांड्यात निहारिका त्यांच्यासमोर येऊन थांबली.

“काकू, एक फोन का नाही केला?”

“राहिला गं. चिंदी होती, म्हणून राहिला.”

निहारिकाने मान हलवली. ती माफीची नव्हती आणि रागाचीही नव्हती. कळलं, इतकीच होती. मग ती जिना उतरून गेली.

अहवाल पावसाळा संपताना आला. मंदारने त्याची प्रत आणून दिली. तो आता एका शाळेत पोहणं शिकवत होता, क्लब बंदच होता. गोपाळरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही. कोणावरही ठपका नाही. शेवटी शिफारशी होत्या, त्यातली सहावी अशी, की नादुरुस्त उपकरणावर मोठ्या अक्षरांत तसं लिहावं आणि घेणाऱ्याला समक्ष सांगावं. कापड किंवा खुणेच्या भरवशावर राहू नये.

“सुटलीस,” गोपाळराव म्हणाले.

“कशातून?” दुर्गाबाई म्हणाल्या. “सहावं पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. मंदार चहा न पिताच उठला. दारात त्याला दुर्गाबाईंनी विचारलं, “बाकीची तेरा कुठे आहेत रे?”

“पोलीस ठाण्यात जमा आहेत, मावशी.”

“हं,” त्या म्हणाल्या.

लाल चिंदी त्या अजूनही बांधतात. तीस वर्षांची सवय, हाताला सुटत नाही. पण आता चिंदीवर जाड पेनाने ‘अधूरा’ असं लिहितात आणि मशीनवरून उठण्याआधी फोन लावतात. एकूण एक कामाचा. गोपाळराव आतून ओरडतात, “अगं, त्या बाई उद्या येणारच आहेत!”

“येऊ द्या,” म्हणून त्या नंबर दाबतात. “हाँ, मैं दुर्गा दिघे, नानाखेड़ा से. आपका ब्लाउज अभी अधूरा है. बाही कच्ची है. मेरे कहने से पहले किसी को लेने मत भेजना.”

पलीकडून हसू येतं. “अरे बहनजी, ब्लाउज ही तो है.”

“हौ,” दुर्गाबाई म्हणतात. “फिर भी सुन लीजिए.”