माझ्या दोन मनगटांवरचं अत्तर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर लागलं नाही तर माफ करावं. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखं नाक अख्ख्या शेवगाव तालुक्यात नाही, हे सांगताना मी चुकत नाही. पोतं न सोडता डाळीला कीड लागलीय का ते त्या सांगतात. पाहुणा उंबऱ्यात आला की, "बोंबील खाऊन आलात, आता नुसता चहाच घ्या," असं त्याच्या तोंडावर म्हणतात. जन्मभर साऱ्या गावाला हुंगलं, आणि म्हातारपणी पुण्याच्या सुनेनं त्यांना हुंगलं. दिवाळीत ती नातवाला म्हणाली, "आजीजवळ नको जाऊ, शेणाचा वास येतो."

उन्हाळ्यात जाऊबाईंचं महिनाभर पुण्याला नातवाकडे राहायला जायचं ठरलं होतं. त्याआधी त्या मला घेऊन बाजारात अत्तरवाल्याकडे गेल्या. "लावलंय हे कुणाला कळू नये. बाईच्या अंगाचाच वास वाटला पायजे," म्हणाल्या. त्यानं दोन कुप्या काढल्या, चंदन आणि पांढरी कस्तुरी. नाक टेकवल्याशिवाय दोन्हींचा वास येईना. जाऊबाईंचं ठरेना. मग माझ्या उजव्या मनगटावर चंदन, डाव्यावर कस्तुरी लावायला सांगितली. "माझं नाक माझ्या अंगाला सरावलंय, धाकले. तुझ्यावर कळंल."

एसटीत त्या माझे हात आळीपाळीनं हुंगत बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ताईंच्या हाताला काय लागलंय?" तर माझा हात त्याच्यापुढं धरून म्हणाल्या, "तूच सांग बाबा, कंचा बरा?" गाव येईपर्यंत मी मान वर केली नाही. घरी आल्यावर, "शेणापुढं टिकतंय का बघू," म्हणून मला म्हशीखाली बसवलं. म्हशीनं माझ्या डाव्या हाताला नाक लावलं, फुरफुरली, बादलीला लाथ मारली आणि पान्हा चोरला.

"बाई, आता दुधाचं काय?" मी म्हटलं.

"तुला दुधाचं पडलंय व्हय? डावं तिला सोसलं न्हाई. उजवंच घ्यायचं."

मला कोणतं आवडलं ते कुणी विचारलं नाही. मला डावं आवडलं होतं. जाऊबाईंकडे पैसे नव्हते, म्हणून चंदनाच्या कुपीचे सहाशे माझ्या कोंबड्यांच्या पैशातून गेले.

महिन्यासाठी गेलेल्या जाऊबाई पाचव्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत आल्या. मी पाणी दिलं. "नातू बसला का मांडीवर?"

"बसला की."

तांब्या रिकामा करून मग म्हणाल्या, "सुनेनं वळखलं. म्हनली, आई, वास झाकायला लावलंय ना हे? आन पोराला उचलून आत नेलं."

त्यांनी कनवटीचा बटवा काढून माझ्या हातावर सहाशे रुपये ठेवले. एवढे कुठून आणले, मी विचारलं.

"लेकानं दिले. गाडीत बसवताना. मी मागितले नव्हते."

पैसे पुरे होते. ते घेऊ नयेत असं फार वाटलं. पण नको म्हटलं असतं तर त्या माझ्यासमोर रडल्या असत्या, आणि रडणं त्यांना कधी जमलं नाही. मी घेतले.