धाकटीच्या वाट्याची मेई

आमच्या खासी लोकांत घर धाकट्या लेकीचं, आणि घराबरोबर म्हातारी आईही तिचीच. बाहेरून येणाऱ्या भाषणवाल्या बाया म्हणतात, "किती छान, बाईच्या हातात घर." अशा दोन-तीन सभांतून मी भांडून उठले आहे. हातात काय असतं ते बघायला मावलाईत फिडालियाकडे सकाळी यावं. चादर बदलायच्या वेळी.

फिडालियाची रस्त्यालगत भात-मटणाची खानावळ. डुक्कर शिजवावं तर तिनंच. नवरा वारला, मुलगी बंगळुरूला नर्सिंग शिकते. घरात ती आणि मेई, म्हणजे तिची आई. मेईची कंबर मोडली तेव्हापासून अंथरूण सुटलं नाही. जीभ मात्र शाबूत.

"पाणी गार आहे. भात कच्चट आहे. पानाला चुना जास्त. जन्मभर सांगतेय, हिचा हात काही सुधारत नाही."

रविवारी चर्चमधून थोरली देइफी केळी घेऊन आली की हीच म्हातारी लोण्यासारखी मऊ. "माझी देइफी आली." देइफी हात हातात घेऊन बसायची, डोळे पुसायची, निघून जायची. मागचं धुणं फिडालियाला.

एक दिवस फिडालिया माझ्या दारात आली. पदराला डुकराच्या रश्श्याचा वास.

"काँग," ती म्हणाली; आमच्यात ताईला काँग म्हणतात. "गावाची भांडणं भांडतेस. एक माझं भांड. मेई देइफीची आहे ना, मग देइफीकडे जाऊ दे. घरही घेऊ दे तिला. मी मुलीकडे जाते."

"रागात बोलतेस का?"

"राग कधीच संपला. आता नुसती पाठ दुखते."

मला एक कळेना. बापाचं शेवटचं आजारपण हिनंच काढलं होतं. रीतीप्रमाणे तो त्याच्या बहिणीच्या घरचा. हिनं हट्टानं आणून ठेवला. तेव्हाही हीच चादर, हेच धुणं. पण ही धूत असताना तो विनोद करायचा, ही हसायची, आणि पाठ दुखल्याचं कधी ऐकलं नाही. काम तेच असून ओझं वेगळं कसं? विचारलं तर म्हणाली, "तो मला नावानं हाक मारायचा."

धाकटीनं हात वर केले तर वरच्या बहिणीवर येतं, पण ते मामाच्या तोंडून ठरावं लागतं. मी तिच्या मामाला, मेईच्या भावाला गाठलं, देइफीला गाठलं. देइफी रडत का होईना, हो म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

सगळे मेईच्या खाटेभोवती बसले. मामा खाकरला.

"ताई, फिडालिया थकली. यापुढे घर देइफी बघेल. तुझं काय म्हणणं?"

आमच्याकडे पान-सुपारी घरची बाई देते, बाकी सगळे घेणारे. देइफीनं फिडालियासमोरची टोपली स्वतःकडे ओढली. छान बोटं तिची. पानाला बेताचा चुना, वर सुपारीची अख्खी फोड. पहिला विडा आईला.

म्हातारीनं तो हातात धरून पाहिला. तोंडात दात एक नाही. फिडालिया तिला खलात कुटून देते, हे देइफीला कुठून ठाऊक?

"तू पाहुणी आहेस गं," मेई म्हणाली. "बस. तुझ्यासमोर मी अंग उघडं टाकू? लाज नाही का वाटणार मला?"

"आणि माझ्यासमोर नाही वाटत?" फिडालियानं विचारलं.

"तुझी कसली लाज?"

मामानं माझ्याकडे बघितलं, जणू हे मी ठरवायचं. मेईचं हे बोलणं कौतुक होतं की अपमान?

फिडालिया उठली. टोपली देइफीच्या मांडीवरून उचलली.

"एकदा म्हण ना मेई, की माझा हात बरा आहे."

"चुना जास्त असतो," मेई म्हणाली.

देइफी हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मामा म्हणाला, "मग काय ठरलं?" फिडालिया त्याला म्हणाली, "ठरायचं काय? दर रविवारी देइफीनं यायचं, आणि केळी नकोत. चादर धुवायची."

"बघताना मला लाज वाटेल तिची," मेई कुरकुरली.

"मग डोळे मिट."

निघताना फिडालिया मला दारापर्यंत पोचवायला आली.

"काँग, तिनं मला ठेवून घेतलं की बांधून टाकलं?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. चिडूनच म्हणाले.

ती आत गेली. खिडकीतून मला दिसत होती. खलात सुपारी कुटली, पान घेतलं, चुन्याच्या डबीत बोट घातलं. भरपूर घेतला. मुद्दाम घेतला की तिचा हातच तसा, कोण जाणे. आतून मेईचा आवाज आला, "जास्त झाला."