थांबलेल्या बसची थरथर

चैत्रातल्या दुपारी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोडवा खोलीत एकत्र आला, की आजही माझे तळहात आपसूक उघडतात, कुणी त्यांत काहीतरी ठेवणार असल्यासारखे.

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधलं कंपन मला कायम फुकटचं लोढणं वाटत आलं. ते बॅटरी खातं, मनगटं झिणझिणतात, आणि खोट्या रस्त्यावरचे खोटे खड्डे खऱ्या हातांना हवेत कशाला? म्हणून मी ते बंदच ठेवत असे. तीस वर्षं संभाजीनगर-फर्दापूर फेरीची बस चालवून निवृत्त झालेल्या बाबांच्या हाती मी बस चालवण्याचा खेळ पहिल्यांदा दिला, तेव्हा पडद्यावर इंजिन सुरू असूनही ते बस पुढे नेईनात.

"बंद पडली व्हय गं गाडी?"

"सुरूच आहे, बाबा."

"मग हाताला का लागंना? गाडीचा मिजाज हाताला कळतो, डोळ्याला नाय."

मी कंपन सुरू केलं. उभी बस त्यांच्या ओंजळीत थरथरू लागली आणि ते समाधानानं हसले. त्यानंतर रोज दुपारी ते कुठल्याशा परक्या डोंगरात बस घालत आणि त्याला अजिंठ्याचा घाट म्हणत.

पुढे मधुमेहानं त्यांच्या हातांतली जाणीव हळूहळू ओसरत गेली. चहाच्या पेल्याचा चटका बोटांना कळेना. फोड आला, की ते त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाच्या हाताकडे पाहावं तसे पाहत. कंट्रोलर मात्र त्यांनी सोडला नाही. "लागतंय ना हाताला?" मी रोज विचारायची. "लागतंय की," ते म्हणायचे, आणि तेवढ्यावर माझा दिवस निभायचा.

एका दुपारी चढावर ते म्हणाले, "इंजन धापा टाकतंय बघ. हात सांगतोय." मी सहज त्यांच्या हातांवर हात ठेवला. कंट्रोलर निश्चल होता. आठवडाभरापूर्वी स्वतः खेळताना मी कंपन बंद केलं होतं आणि पुन्हा सुरू करायला विसरले होते. तेव्हाच ते सुरू करता आलं असतं. पण सुरू केलं आणि त्यांना फरकच कळला नाही, तर? मी हात मागे घेतला आणि कंपन तसंच बंद राहू दिलं.

श्रावणात बाबा गेले. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, की तीस वर्षांची ती थरथर त्या बधिर हातांत खरोखरच उरली होती, हे विचारायचं राहून गेलं. खरं तर भीतीपोटी मीच ते राहू दिलं.

आता एखाद्या दुपारी मी तो खेळ लावते आणि बस न हलवता नुसती उभी ठेवते. थोड्या वेळानं तळहातांना बारीकशी थरथर लागते. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहते. कंपन बंदच असतं. ते सुरू करायला मी धजत नाही. सुरू केलं, तर यंत्राची थरथर कोणती आणि त्यांची कोणती, हे मला ओळखता येणार नाही.