बुधाजीचा डावा हात

बुधाजीचा डावा हात गेला तो झेंडूच्या ढिगावर. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्याला त्याचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, वर ताडपत्री, फळीवर ओलं पोतं. त्या सकाळी हार ओवता ओवता एक फूल बोटांतून निसटलं. त्यानं ते उचललं, ते पुन्हा निसटलं. मग त्यानं खाली पाहिलं, तर हात फुलांमध्ये पडलेला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

शेजारच्या पानठेल्यावरून अब्दुल रहीम ओरडला, "अबे बुधाजी, तुह्यं तोंड कावून वाकडं होऊन राहिलं?"

एवढंच त्याला आठवतं.

दवाखान्यातून तो घरी आला, भातकुलीजवळच्या आपल्या गावात. तोंड सरळ झालं होतं, बोलणं परतलं होतं, पाय ओढत का होईना चालत होता. हात तेवढा परतला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी बसून एकच सांगायचा, "उजवा वाचला न बाप्पा. जेवाचा हात वाचला, अजून काय पाह्यजे?"

बुधाजी मान हलवायचा. डाव्या हाताचं रोजचं एक काम असतं. ते गावच्या पाटलाचं असतं आणि देवळातल्या पुजाऱ्याचंही असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते काम आता कोण करणार, हे त्याला कुणी विचारलं नाही. तोही कुणाला विचारू शकला नाही.

त्याच्या बापानं, स्वतः फुलं पिकवणाऱ्या माणसानं, त्याला लहानपणी एकच शिकवण दिली होती. फूल देवाचं, घास तोंडाचा, दोन्हीला उजवा. उरलेल्या घाणीला डावा. बुधाजीनं जन्मभर त्याच्यापलीकडे धर्म असा काही पाळला नाही. दुकानात गिऱ्हाइकानं डाव्या हातानं फुलाला हात लावला, तर तो ते फूल बाजूला टाकून द्यायचा. त्यावरून भांडणं झाली होती.

आता ते काम त्याची बायको पार्बताबाई करत होती. परसात पत्र्याचा संडास, त्यात भोकाची खुर्ची ठेवलेली. ती त्याला बसवायची, बाहेर थांबायची, मग आत यायची. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातानं धुवायची. धुताना ती सतत बोलत राहायची. कांद्याच्या वाफ्याला पाणी कमी पडलं, शेजारच्या मैनाबाईची शेळी फुलात शिरली, विहिरीची मोटार जळते की काय कोण जाणे. गप्प राहिली तर जे घडत होतं ते दोघांनाही ऐकू आलं असतं. बुधाजी समोरच्या पत्र्याकडे पाहत बसायचा. पत्र्याला गंजाचा एक डाग होता. त्याचा आकार त्याला पाठ झाला.

मग तो कमी जेवू लागला. आधी अर्धी भाकर, मग पाव, मग नुसतं वरणाचं पाणी.

"पोट भरलं," तो म्हणायचा.

पार्बताबाई काही दिवस उरलेली ताटं उचलत राहिली. एका दुपारी ताट तसंच्या तसं परत आलं, तेव्हा तिनं ते जमिनीवर आदळलं. "काहो, मले का बावळी समजता? आत काई गेलं नाई त बाहेर काई येनार नाई, हाच हिशोब करून राहिले न तुमी? मराचं आहे का?"

बुधाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. हिशोब तोच होता.

मुलगा शेखर कॅनडात. रजा मिळाली तसा तो आला, आणि बापाच्या गळ्याची हाडं पाहून दारातच थबकला. आईनं त्याला चुलीशी बसवून सगळं सांगितलं. पोरगा कामाला लागला. संडासामागच्या भिंतीवर त्यानं पाण्याचा ड्रम चढवला, त्याला तोटी बसवली, नळी आणून खुर्चीला खालून बांधली. पाण्याचा मारा होईल आणि हात लावावाच लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. तोटी सोडली, तर करंगळीएवढी धार आली, तीही रडत रडत. या भागात विहिरीचं पाणी खारं. नळ्यांत आतून क्षाराचा थर चढत जातो.

"ह्या धारेनं काय होते?" बुधाजी म्हणाला. "अन् हात न लावता धुतल्या गेलं, हे समजाचं कसं?"

मग शेखर अमरावतीला गेला आणि मोठी पिशवी घेऊन आला. पार्बताबाईनं पिशवी उघडली. आत पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत गुंडाळ्या.

"एवढी पट्टी कायले आनली रे? जखम त नाई त्यायले."

"आई, पट्टी नाही ती. कागद आहे."

"कागद? लिवाले?"

शेखरनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहिलं. मग त्यानं सांगितलं. खालच्या आवाजात सांगितलं, पण खोली लहान होती.

 मग पार्बताबाईनं हातातली गुंडाळी हळूच पिशवीत परत ठेवली, जिवंत असल्यासारखी.

"पुसाचं?" बुधाजी म्हणाला. "कागदानं?"

"बाबा, तुमचा हात लागतच नाही त्यात. तेच तर पाहिजे न तुम्हाला."

"अन् पानी?"

"पाणी नाही लागत."

 कागदाला पाय लागला तर बुधाजी आजही बोटं कपाळाला लावायचा. देवीची फुलं त्यानं जन्मभर कागदात बांधली होती. आणि पाणी नाही. तो उठून बसायला लागला, जमलं नाही, तसाच कुशीवर पडून त्यानं विचारलं, "अन् तू?"

शेखर पिशवीचं तोंड दुमडू लागला.

"तू बी तिकडे?"

"बाबा, तिथे संडासात पाणीच नसते."

"म्हणत होता न, मोठमोठाले तलाव हायेत? बर्फ पडते? गोड पानी हाय?"

"आहे."

"मंग?"

पार्बताबाई एकदम म्हणाली, "म्हंजे सकाऊन तू तसाच माह्या पाया पडला?"

"इथे धुतलं मी, आई!" शेखर ओरडला, आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. बुधाजी हसला नाही. तो मुलाचा उजवा हात पाहत होता. हा हात धरून त्यानं पोराला पाण्याच्या पाटाच्या काठावर बसवलं होतं, सगळं शिकवलं होतं. इतक्या वर्षांत फोनवर त्यानं पोराला जेवण विचारलं, थंडी विचारली, पगार विचारला. हे कधी विचारलं नाही. आपला मुलगा आपल्याला माहीत आहे, असं तो समजत होता.

तरी शेखर जायच्या आदल्या दिवशी बुधाजीनं कागद वापरून पाहिला, पोराच्या मनासाठी. एकटा आत गेला, एकटा बाहेर आला. शेखरचं तोंड उजळलं. पण बुधाजीनं अंघोळ मागितली. अंघोळ झाल्यावर पुन्हा मागितली. अंगाला काहीतरी चिकटून आहे असं त्याला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं, आणि त्या दिवशी त्यानं पाण्याचाही घोट घेतला नाही. शेखर गेला. गुंडाळ्या ज्वारीच्या कोठीवर राहिल्या, रांगेनं, पाहुण्यांसारख्या.

नंतरच्या आठवड्यात रहीम आला.

अब्दुल रहीम मूळचा अकोटचा. तरुणपणी तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा डावा हात मनगटापासून गेला. मग त्यानं अमरावतीत पानठेला टाकला. एका हातानं चुना लावायचा, त्याच हातानं कात, त्याच हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं पानाची घडी घालून लवंग खोचायचा. लोक पानापेक्षा ते पाहायला थांबायचे. बुधाजी त्याच्या शेजारी बसू लागला तेव्हापासून रोज दुपारी त्याच्या हातचं पान खायचा. देवीच्या पूजेच्या ताटात विड्याची पानं लागत, ती रहीमच मोजून द्यायचा. ठेल्यामागे नळ होता. तिथे रहीम साबण लावून आपला हात दगडी ओट्यावर घासत बसायचा, बराच वेळ, एक बाजू, मग दुसरी. बुधाजी रोज चिडवायचा, "अबे, कात काढून राहिला का चामडं सोलून राहिला?" रहीम हसायचा आणि घासत राहायचा.

आता तो खाटेच्या पायथ्याशी बसला. मित्राकडे त्यानं नीट पाहिलं. खिशातून कागदाची पुडी काढली, दातांनी दोरा सोडला.

"घे, तुह्यं पान. सुपारी कमी टाकली. दात हालते म्हनत होता."

बुधाजीनं पान घेतलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. पान ओठांशी गेलं आणि त्याची नजर रहीमच्या डाव्या बाहीवर पडली. बाही मनगटापाशी दुमडून खाली लोंबत होती, नेहमीसारखी.

पान तिथंच थांबलं.

"रहीम."

"बोल."

"तुले त एकच हात आहे."

रहीमनं पार्बताबाईकडे पाहिलं. "भाबी, झटका डोक्शात बी आला का याच्या?"

"नाई," बुधाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून ऐकू येत होता. "म्हंजे, एकच आहे. हाच."

मग रहीमला कळलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"आज दिसला तुले?"

बुधाजी मागचं आठवत गेला. दर दुपारचं ते पान. ईदला याच्या घरी खाल्लेला शीरखुर्मा, यानं वाढलेला. आणि देवीची ताटं. इतकी वर्षं तो एक हात त्याच्या डोळ्यांसमोर होता, त्यानं त्याचं कौतुक केलं होतं, गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला होता, आणि हे एवढं साधं त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तू मंग, त्याच हातानं?"

"नाई, तुह्या हातानं," रहीम म्हणाला. "अबे, अल्लानं एकच ठेवला मांगं, त मी का पाय वापरू?"

पार्बताबाईनं पदर तोंडात कोंबला. बुधाजीनं पान खाटेवर ठेवलं. अगदी हळू ठेवलं, पण ठेवलं. रहीमनं ते पाहिलं. पाहून तो उठला.

"तुह्या देवीले चाललं," तो म्हणाला. "तुले नाई चालत. ठीक आहे."

"रहीमभाई, बसा तुमी," पार्बताबाई पुढे झाली आणि नवऱ्यावर फिरली.  "अन् तुमी! लय सोवळे झाले न? मले सांगा, हार ओवता तवा सुई कोनत्या हातात राहे?"

"उजव्या."

"अन् फूल?"

बुधाजीनं उजव्या हाताची चिमूट सुईसारखी वर धरली आणि समोर फूल कुठे येतं ते पाहिलं.

फूल डाव्या हातात असायचं. दुसरीकडे कुठे असणार? सुई उजव्यात, फूल डाव्यात, एकामागून एक, जन्मभर. गिऱ्हाइकाच्या डाव्या हाताची फुलं तो फेकत आला, आणि देवीच्या गळ्यात रोज जे पडत होतं ते त्याच्या स्वतःच्या डाव्या हातातून जात होतं. त्यानं पांघरुणावर पडलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. 

रहीम दारात पोचला होता. मागे वळून न पाहता म्हणाला, "शेखरनं तोटी बसवली म्हंते भाबी. तेवढी धार पुरते. तिथलं काई कठीन नाई. कठीन मंग आहे. एका हातानं एक हात धुऊन पाह्य, मंग समजन मी काय सोलत होतो."

त्याच्यासाठी बाहेर थांबलेली ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला, मग विरला.

 पान खाटेवर होतं. कोठीवर त्या पांढऱ्या गुंडाळ्या होत्या. दुपार कलली तेव्हा बुधाजीनं काठी मागितली.

"चाला, मी येतो," पार्बताबाई उठली.

"नको."

"पडसान."

"पडलो त ये."

ती पत्र्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तोटीचं रडणं. मग एक आवाज, माणूस थंड पाण्यात उतरताना काढतो तसा. तिनं डोळे मिटून घेतले. आज तिला कांद्याचं, मैनाबाईच्या शेळीचं काही बोलायचं नव्हतं, तरी तिचे ओठ हलत होते.

तो बाहेर आला तो उजवा हात अंगापासून लांब धरून, विस्तव धरल्यासारखा. काठी आतच राहिली होती. भिंतीला खांदा घासत तो धुण्याच्या दगडापर्यंत गेला आणि बसला. तिनं साबण आणला, बादली आणली आणि सवयीनं त्याचा हात धरायला गेली.

"थांब."

त्यानं साबण मुठीत घेतला. मूठ मिटली तसा साबण उडून चिखलात पडला. पुन्हा घेतला. तळव्याला लागला, पण बोटांच्या मधे जाईना, पाठीला लागेना. हात नुसता उघडत होता, मिटत होता. त्यानं तो दगडावर घासला. दगड खरखरीत होता, कातडी चरचरली, आणि नळाच्या ओट्यावर वाकलेला रहीम त्याला दिसला. रोज. आणि फळीवर बसून हसणारा तो स्वतः.

तो थांबला. मग उजव्या हातानं त्यानं आपला डावा हात उचलला, आणून दगडावर पालथा ठेवला. त्यावर साबण चोळला, फेस येईपर्यंत. आणि उजवा हात त्या मेलेल्या हातावर घासू लागला. तळवा, पाठ, मग बोटांत बोटं घालून प्रत्येक खाच. डाव्या हाताला काही कळत नव्हतं. जन्मभर त्यानं उजव्याला असंच धुतलं होतं, आताही धुत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. रहीमकडे एवढंही नव्हतं. त्याच्याकडे दगड होता.

पार्बताबाईनं वरून पाणी सोडलं. खारं पाणी, फेस लवकर जाईना. तिनं पुन्हा सोडलं.

"भाकर आहे का?" बुधाजी म्हणाला.

तिनं अख्खी भाकर वाढली, वर अंबाडीची भाजी. त्यानं तुकडा मोडला. घास तोंडाशी गेला आणि अडला. त्यानं हात हुंगला. साबणाचा वास येत होता, आणि जरासा दगडाचा. पार्बताबाई दुसरीकडे पाहत उभी राहिली. घास गेला. पुढचे त्यानं मोजले नाहीत.

मग खाटेवरचं पान उचललं. कडा सुकल्या होत्या, काताचा डाग चादरीवर पसरला होता. त्यानं ते तोंडात टाकलं आणि हळूहळू, दुखऱ्या दाढेच्या दुसऱ्या बाजूनं, चावायला लागला.

सुपारी खरोखरच कमी होती.